इजिप्तच्या देवळाची भिंत एका फोटोत का मावत नाही

ते हेलिकॉप्टरवालं फॉरवर्ड तुमच्याकडेही कधी ना कधी आलं असेलच. इजिप्तमधल्या अबायडॉसच्या देवळात एका तुळईवर म्हणे तीन हजार वर्षांपूर्वी हेलिकॉप्टर कोरलंय, शेजारी पाणबुडी, खाली विमान, आणि फोटो बघितला तर खरंच वरचा पंखा दिसतो, मागची शेपटी दिसते, पुढची काचेची केबिनसुद्धा दिसते. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फोटो तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा धाकट्या काकांनी मला विचारलंय की तू फोटोच काढतोस ना, मग सांग बरं हा खरा की खोटा. काकांना एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण तुळई खरी आहे, कोरीवकाम खरं आहे आणि त्या तुळईखाली उभं राहून वर बघितलं तर साधारण तसाच आकार दिसतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं की इजिप्तच्या देवळांचे फोटो अभ्यासासाठी काढतात म्हणजे नक्की काय करतात, त्यात इतकं अवघड काय आहे, आणि ते हेलिकॉप्टर मध्येच कुठून आलं.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करू. माझं रोजचं काम दागिने आणि चांदीच्या भांड्यांचे फोटो काढायचं, त्यामुळे मला हेच उदाहरण आधी सुचतं. घरातलं एखादं जुनं स्टीलचं नाहीतर पितळेचं भांडं घ्या, ज्याच्यावर टिंबं टिंबं पाडून नाव घातलेलं असतं, अमक्याकडून तमकीला लग्नात सप्रेम भेट आणि खाली तारीख. ट्यूबलाइटखाली ते समोर धरलं की त्यातलं अर्धं नाव वाचताच येत नाही. आता दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च भांड्याच्या कडेला, पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. एकेक टिंब वर आल्यासारखं दिसतं, कारण प्रत्येक खड्ड्याच्या एका काठावर उजेड पडतो आणि दुसऱ्या काठाखाली सावली. मग टॉर्च हळूहळू गोल फिरवत न्या, काही रेघा मावळतात आणि मघाशी अजिबात न दिसलेल्या रेघा वर येतात. भांडं तेच, नाव तेच, कॅमेरा तोच, पण उजेडाची जागा बदलली की फोटोत वेगळंच काहीतरी उमटतं. भिंतीला घासून जाणारा हा जो आडवा उजेड आहे ना, तो डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

इजिप्तच्या कारागिरांना हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या भिंतींवरचं कोरीवकाम मुख्यतः दोन तऱ्हांचं. एक म्हणजे उठावाचं, ज्यात माणसाभोवतीचा सगळा दगड खरवडून काढतात आणि माणूस वर राहतो. दुसरं खाचेतलं, ज्यात आजूबाजूचा दगड तसाच ठेवून माणसाची बाह्यरेषा खोल कापतात आणि शरीराची गोलाई त्या खाचेच्या आत घडवतात, म्हणजे आकृती भिंतीच्या पातळीच्या आतच राहते. साधारणपणे उठावाचं काम देवळाच्या आत आणि खाचेतलं बाहेर, कारण बाहेर रणरणत्या उन्हात नाजूक उठाव पुसल्यासारखा दिसतो पण खोल खाचेत काळीभोर सावली पडते आणि राजा लांबून उठून दिसतो. रामसेस तिसऱ्याने मेदिनेत हाबूच्या आपल्या देवळात तर काही अक्षरं इतकी खोल कापून घेतलीत की त्यात हाताची बोटं आत जातात.

मेदिनेत हाबू म्हणजे लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावरचं देऊळ. मी डिसेंबरात टूरबरोबर गेलो होतो आणि आमची बस तिथे पोचली भर दुपारी. त्या देवळाच्या बाहेरच्या एका भिंतीवर समुद्रातल्या लढाईचं प्रचंड मोठं चित्र आहे, इ.स.पू. ११७५ च्या आसपास समुद्रामार्गे चालून आलेल्या लोकांना रामसेस तिसऱ्याने हरवलं त्याचं, आणि ते बघायचं म्हणून मी किती दिवस मनात धरून बसलो होतो. पण दुपारी ती भिंत पूर्ण सावलीत. समोर नुसता पिवळट दगड आणि त्यावर कुठेकुठे ओरखडे असल्यासारखं काहीतरी, मोठा राजा तेवढा ओळखू आला. ग्रुपमधले सगळे दोन मिनिटांत पुढे गेले आणि त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी करून मी एकटाच परत गेलो. सूर्य वर आला तसा उजेड भिंतीच्या एका टोकाकडून आडवा सरकत आला आणि मग एकेक गोष्ट उघडायला लागली, इजिप्शियन जहाजांच्या नाळेवरची सिंहाची तोंडं, शत्रूच्या जहाजांवरची पक्ष्यांची तोंडं, पिसांसारखे मुकुट घातलेले योद्धे, पाण्यात उलटेपालटे पडलेले, एकमेकांत गुंतलेले देह. थोड्या वेळाने सूर्य भिंतीच्या मागे गेला आणि सगळं परत मिटलं. भिंत वाचायला मिळाली ती एवढाच वेळ. आता विचार करा की असं शेकडो मीटर कोरीवकाम आहे, भिंतीभिंतीची वेळ वेगळी, ऋतूप्रमाणे ती वेळही बदलणार, आणि आतल्या खोल्यांत तर ऊन शिरतच नाही.

कॅमेऱ्याकडून लोकांच्या अपेक्षा मात्र पहिल्या दिवसापासून होत्या. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीबरोबर जे चित्रकार आणि विद्वान गेले त्यांनी देवळांची अप्रतिम चित्रं काढली, पण चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ ला. ज्याला अक्षर कळत नाही तो अक्षर चित्र म्हणून काढतो, त्यामुळे घुबडाचं गिधाड व्हायला वेळ लागत नाही आणि घुबड वेगळं अक्षर, गिधाड वेगळं अक्षर. मराठी न येणाऱ्या माणसाने घ आणि ध बघून काढले तर काय होईल तसंच. म्हणून १८३९ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या संसदेत फ्रान्स्वा अरागो या शास्त्रज्ञाने फोटोग्राफीच्या नव्या शोधाची बाजू मांडताना नेमकं इजिप्तचं उदाहरण दिलं, की थीब्ज, मेंफिस, कर्नाक इथल्या असंख्य चित्रलिपी उतरवून घ्यायला चित्रकारांची फौज आणि कित्येक वर्षं लागतील, आणि हे यंत्र असलं तर एकटा माणूस ते काम करील. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन फ्रेंच चित्रकार डागेरोटाइपचा, म्हणजे याच नव्या पद्धतीचा, कॅमेरा घेऊन इजिप्तमध्ये पोचलेसुद्धा.

मग बरेच जण गेले. मॅक्सिम द्यू काँ हा फ्रेंच लेखक १८४९ मध्ये गेला, पुढे कादंबरीकार म्हणून नाव कमावलेला गुस्ताव फ्लोबेर त्याच्याबरोबर होता, आणि १८५२ मध्ये त्याने १२५ फोटोंचं पुस्तक काढलं. मोजमाप कळावं म्हणून तो इजिप्तच्या दक्षिणेकडच्या न्युबियातल्या एका खलाशाला, हाजी इस्माईलला, पुतळ्यांवर आणि खांबांवर चढवून उभं करायचा आणि त्याने हलू नये म्हणून त्याला सांगितलं होतं की कॅमेऱ्याची ती पितळी नळी ही तोफ आहे, हललास तर गोळी घालेल. द्यू काँने हे स्वतःच लिहून ठेवलंय. त्या फोटोंत तो माणूस कुठेतरी वर एवढासा दिसतो आणि मला दर वेळी आधी पुतळ्याऐवजी तोच दिसतो. नंतर फ्रान्सिस फ्रिथ हा इंग्रज फोटोग्राफर १८५६ पासून तीन फेऱ्यांत काचेच्या मोठमोठ्या प्लेट घेऊन फिरला. तेव्हाच्या पद्धतीत काचेवर रसायन ओलं असतानाच फोटो काढून लगेच धुवायला लागायचा, म्हणजे वाळवंटात बंद काळोख्या तंबूत बसून हे करायचं, आणि त्या उकाड्यात रसायन प्लेटवर ओतताना उकळायला लागायचं.

या लोकांच्या मेहनतीला हात जोडावेत अशीच ती आहे. पण अरागोने सांगितलेलं काम त्यातून झालं नाही. ते फोटो देवळाचे होते, भिंतीवरच्या मजकुराचे क्वचितच. खांब अर्धे वाळूत, उजेड जो असेल तो, आणि चांगला दिसणारा कोन निवडलेला. त्यांचं मोल वेगळ्याच कारणाने वाढलं. लक्सरजवळच्या अरमांतला क्लिओपात्राच्या काळातलं एक सुंदर देऊळ होतं, १८६० च्या दशकात साखर कारखाना बांधायला दगड हवे म्हणून ते पाडलं. आज ते कसं दिसत होतं हे बघायचं तर आधीच्या काही जणांची चित्रं आणि या फोटोवाल्यांचे मोजके फोटो एवढाच आधार आहे.

अक्षरं उतरवायला तेव्हा दुसरी एक युक्ती चालायची, ओला कागद भिंतीवर ब्रशने ठोकून दाबायचा, वाळला की सोलून काढायचा, की कोरलेल्याचा ठसा मिळतो. आपल्याकडे शिलालेखांचे ठसे घेतात त्याच जातीचं काम. पण इजिप्तच्या भिंती रंगवलेल्या होत्या, आणि कागद सोलताना तीन हजार वर्षं टिकलेला रंग त्याच्याबरोबर निघून यायचा. अनेक ठिकाणी कोरीवकाम शाबूत आहे आणि रंग गेलाय, त्यामागे ऊन, पाऊस, वाळू आहेच, पण हे कागदी ठसेही आहेत. त्यामुळे भिंतीला हात न लावता काम करायचं हा नियम आज सगळ्यात वरचा.

मग खरी पद्धत बसवली कोणी, तर शिकागो विद्यापीठाच्या जेम्स हेन्री ब्रेस्टेडने. १९२४ मध्ये त्याने लक्सरला एक तुकडी कायमची बसवली, तिचं घर आजही शिकागो हाऊस म्हणून ओळखतात आणि काम आजही चालू आहे. ब्रेस्टेडचं म्हणणं साधं होतं. कॅमेरा खोटं बोलत नाही पण त्याला समजत काही नाही, तो भिंतीतली भेग आणि कोरलेली रेघ सारख्याच इमानाने टिपतो. चित्रकाराला रेघ कळते पण तो थकतो, चुकतो, सवयीने काढतो. लिपी वाचणाऱ्याला मजकूर कळतो पण त्याला अपेक्षा असते ते अक्षर दिसायला लागतं. तिघांनी एकमेकांच्या चुका पकडायच्या.

ते कसं करतात ते जरा तपशिलाने सांगतो, कारण मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. आधी फोटोग्राफर भात्याचा मोठा कॅमेरा, ज्याची निगेटिव्ह आठ बाय दहा इंचांची, भिंतीला अगदी समांतर लावतो. समांतर म्हणजे खरंच समांतर, कॅमेरा जरा वर कलला की भिंत वरच्या बाजूला निमुळती होते आणि राजाचे पाय मोठे, डोकं लहान. उजेड आडवा हवा, म्हणून सूर्याची वेळ धरायची, आणि आतल्या काळोख्या खोल्यांत आरशाने ऊन परावर्तित करून आत घ्यायचं. त्या निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायची. ही प्रिंट बोर्डावर लावून चित्रकार थेट भिंतीसमोर बसतो, शिडीवर म्हणा, मचाणावर म्हणा, आणि फोटोवरच पेन्सिलने रेघा काढतो. म्हणजे प्रमाण फोटोचं आणि समज माणसाची. मग स्टुडिओत त्या पेन्सिलीवर शाई. आणि मग ती प्रिंट आयोडीनच्या द्रावणात घालतात, त्यात फोटो विरघळून जातो, पांढऱ्या कागदावर उरतात फक्त शाईच्या रेघा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं, फोटोग्राफर माणसाला फोटो मुद्दाम पुसून टाकायची कल्पना पचायला वेळ लागतो.

अजून संपलेलं नाही. त्या चित्राची छापील प्रत काढून तिचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा मोठ्या कागदाच्या मध्यभागी चिकटवतात आणि लिपी जाणणारा अभ्यासक तो घेऊन पुन्हा भिंतीपुढे उभा राहतो. एकेक रेघ ताडून बघायची, चुका समासात लिहायच्या. मग दुसरा अभ्यासक जातो आणि पहिल्याने लिहिलेलं तपासतो. मग चित्रकार परत भिंतीकडे जातो, मतभेद असेल तर तिथेच उभं राहून टॉर्च फिरवत निकाल लावायचा. शेवटी संचालक स्वतः बघतो. मेदिनेत हाबूचा पहिला मोठा खंड १९३० ला आला, आठवा १९७० ला, आणि त्याच आवारातल्या जुन्या लहान देवळाचा नववा २००९ ला. इतका वेळ का लागतो हे आता वेगळं सांगायला नको.

त्या चित्रांत एक संकेत आहे, तो कळला की ती चित्रं वाचायला मजा येते. ऊन डावीकडून वरून येतंय असं धरायचं. उठावाची आकृती असेल तर उजवीकडची आणि खालची रेघ जाड, कारण सावली तिथे पडणार. खाचेतली असेल तर उलट, वरच्या डाव्या काठाची सावली खाचेत पडते म्हणून ती रेघ जाड. नुसत्या रेघेच्या जाडीवरून तुम्हाला कळतं की कारागिराने दगड कुठून काढलाय.

हल्ली आयोडीन आणि शाई मागे पडलीय, टॅबलेटवर डिजिटल फोटो उघडून स्टायलसने वेगळ्या लेयरवर रेघा काढतात आणि फोटोचा लेयर नंतर बंद करतात. भिंतीपुढे जाऊन ताडून बघणं मात्र तसंच आहे.

आता काकांचं हेलिकॉप्टर. अबायडॉसचं ते देऊळ सेती पहिला या राजाचं, त्याच्या मुलाने म्हणजे रामसेस दुसऱ्याने पूर्ण केलं. त्या तुळईवर आधी सेतीची बिरुदं कोरलेली होती, नऊ धनुष्यांना, म्हणजे परंपरेने मोजलेल्या शत्रूंना, मागे हटवणारा अशा अर्थाची. नंतर ती खाच गिलाव्याने भरून पृष्ठभाग सपाट केला आणि त्याच जागी रामसेसची बिरुदं कोरली, इजिप्तचं रक्षण करणारा, परदेशांना नमवणारा अशा अर्थाची. आपल्या भांड्याकडे परत या. जुनं नाव घासून त्याच जागी दुसरं नाव घातलेलं भांडं तुम्ही बघितलं असेल, थोडे दिवस नवं नाव स्वच्छ दिसतं आणि मग जुनी टिंबं खालून डोकावायला लागतात. तसाच तो गिलावा काळाच्या ओघात गळून पडला आणि खालची अक्षरं आणि वरची अक्षरं एकत्र दिसायला लागली. दोन्हींच्या चिन्हांचे भाग एकमेकांत मिसळून पंखा झाला, शेपटी झाली. दोन्ही बिरुदं इतर ठिकाणी स्वच्छ, सुटी कोरलेली सापडतात, त्यामुळे कुठली रेघ कोणाची हे वेगळं करता येतं. ते करायला मात्र तुळईसमोर जाऊन वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून बघावं लागतं, खाच किती खोल आहे, गिलाव्याचे अवशेष कुठे चिकटलेत, कोणती कड कोणत्या कडेला कापून गेलीय. एका बाजूने उजेड टाकून काढलेल्या एका फोटोत हे दोन काळ दाबून एक होतात, आणि ते एक झालेलं आपल्याला हेलिकॉप्टर वाटतं.

याच देवळात एमिस कॅल्व्हर्ली आणि मर्टल ब्रूम या दोघींनी १९२०-३० च्या दशकांत वर्षानुवर्षं काम केलं. फोटो मोठे करून त्याच्या आधाराने पेन्सिलीने रेखाटन आणि जिथे रंग टिकलाय तिथे रंगीत चित्रं. सेतीच्या या देवळातलं उठावाचं काम अख्ख्या इजिप्तमधलं सगळ्यात देखणं मानतात आणि त्यांचे चार मोठे खंड, पहिला १९३३ चा आणि शेवटचा १९५८ चा, बघितले की का ते कळतं. कोणाला अबायडॉसमध्ये काय बघायचं असं विचारायचं असेल तर मी त्या तुळईच्या आधी आतल्या देवघरांच्या भिंती सांगीन.

नवं नाव जुन्यावर, हा प्रकार कर्नाकलाही, म्हणजे लक्सरच्याच दुसऱ्या मोठ्या देवळातही, आहे आणि तिथे तो खांबांवर आहे, म्हणजे अवघड दुप्पट. कर्नाकच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत, मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. उत्तरेकडचा भाग सेतीने उठावात कोरून घेतला, दक्षिणेकडे रामसेस दुसऱ्याने आधी उठावात सुरू केलं आणि नंतर स्वतःचंच काम खाचेत बदलून घेतलं. आता गोल खांबावरच्या चित्राचा फोटो काढायचा कसा? समोरून काढला तर मधला पट्टा बरोबर, कडेची माणसं चपटी होत जातात आणि मागची दिसतच नाहीत. इथे फोटोग्रामेट्री कामाला आली. नाव जड आहे पण कल्पना आपल्या दोन डोळ्यांची. डावा डोळा मिटून बोटाकडे बघा, मग उजवा मिटून, बोट मागच्या भिंतीच्या तुलनेत सरकतं, आणि किती सरकलं त्यावरून मेंदू अंतर काढतो. तसेच खांबाभोवती फिरत एकमेकांवर बरेचसे चढणारे पुष्कळ फोटो काढायचे, सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत तेच तेच ठिपके शोधतं आणि त्यांच्या सरकण्यावरून खांबाचा थ्रीडी आकार बांधतं. मोजपट्टी सोबत ठेवली असेल तर मापही बरोबर येतं. मग तो गोल आकार संगणकात लाटण्याला गुंडाळलेला कागद उलगडावा तसा उलगडायचा, की खांबाभोवतीचं सगळं चित्र सपाट पट्ट्यासारखं समोर. कर्नाकला फ्रेंच आणि इजिप्शियन लोकांचं संयुक्त केंद्र आहे, त्यांनी या मंडपाच्या खांबांचे असे उलगडलेले फोटो केलेत. ही पद्धत जुनीही आहे, आस्वानच्या धरणात न्युबियातली देवळं बुडणार म्हणून १९५५ ला कैरोत नोंदणीचं केंद्र उघडलं तेव्हाही जोडीने काढलेल्या फोटोंवरून मापं घेत होते. त्यातलं अबू सिंबेलचं देऊळ १९६४ ते १९६८ मध्ये कापून ६५ मीटर वर चढवलं, तेव्हा मूळ जागची नोंद त्याआधी होणं गरजेचंच होतं, कारण ती जागा आता पाण्याखाली आहे.

कर्नाकचीच अजून एक गोष्ट सांगतो, ती सोडवत नाही. अखेनातेन नावाच्या राजाने इ.स.पू. १३५० च्या आसपास तिथे सूर्यदेवाची देवळं बांधली ती लहान लहान दगडांची, एक माणूस उचलू शकेल एवढ्या. त्यांना तलातात म्हणतात. तो गेल्यावर पुढच्या राजांनी ती देवळं सुटी केली आणि ते दगड आपल्या मोठ्या दरवाजांच्या पोटात भराव म्हणून टाकले. शतकांनंतर ते दरवाजे दुरुस्त करताना हजारो कोरलेले दगड बाहेर आले, एकावर डोळा, एकावर हात, एकावर नुसती सूर्याची किरणं. दगड उचलून जुळवून बघणं शक्यच नव्हतं. तेव्हा १९६६ मध्ये रे विनफिल्ड स्मिथ या निवृत्त अमेरिकन अधिकाऱ्याने ठरवलं की सगळ्यांचे फोटो एकाच मापात काढायचे, सुमारे ३५ हजार दगड, आणि प्रत्येकावर काय आहे, तोंड कुठल्या बाजूला, रंग कोणता, ही माहिती संगणकाला द्यायची. १९६६ ला, संगणक म्हणजे खोलीभर यंत्र होतं तेव्हा! फोटो टेबलावर मांडून मांडून चित्रं जुळली आणि त्यातून कळलं की एका वास्तूत सूर्याची पूजा करताना राजा दिसतच नाही, राणी नेफर्टिटी आणि तिची मुलगी एवढ्याच आहेत. दगडांचे ढीग तिथेच पडून होते आणि हा शोध लागला तो फोटोंच्या चळतीतून.

उजेड फिरवायचा जो प्रयोग आपण भांड्यावर केला, त्याचंही आता पक्कं तंत्र झालंय. त्याला आरटीआय म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग म्हणतात, माहितीच्या अधिकाराशी संबंध नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर अजिबात न हलवता ठेवायचा, भिंतीशेजारी एक चकचकीत काळी गोटी ठेवायची आणि फ्लॅश वेगवेगळ्या दिशांनी धरत चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे. फ्लॅश प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावर हवा म्हणून त्याला दोरी बांधून मोजतात, इतकं साधं. गोटीवर जिथे चमक पडते त्यावरून सॉफ्टवेअरला उजेडाची दिशा कळते आणि मग संगणकावर माउसने हवा तिकडून उजेड टाकता येतो, घरी बसून, कितीही वेळा. डोळ्याला अजिबात न दिसणारी, झिजलेली अक्षरं यात वर येतात. दागिन्यांच्या फोटोसाठी मी हे स्टुडिओत करून बघितलंय, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एका जुन्या मोहरेवर झिजलेली अक्षरं वाचता आली तेव्हा अंगावर काटा आला.

घाई का, असं वाटेल, तीन हजार वर्षं टिकलंय ते अजून टिकेल. पण लक्सरची देवळं वालुकाश्माची, आणि धरणानंतर नाईलचा पूर थांबला, शेतीला बारा महिने पाणी आलं, जमिनीखालचं पाणी वर चढलं. आपल्या घराच्या भिंतीला लोणा लागतो, पोपडे निघतात, तेच तिथे होतं, दगडात वर चढलेल्या पाण्यातला खार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतो आणि दगडाची वरची पातळ चकती ढकलून पाडतो. कोरीवकाम नेमकं त्या वरच्या चकतीवरच. २००६ पासून कर्नाक आणि लक्सरच्या देवळांभोवती पाणी उपसून पातळी खाली आणायची व्यवस्था आहे, तिचा फायदा झाला. पण जे आधीच भुग्यासारखं पडलं त्याच्यासाठी जुनी निगेटिव्ह हीच भिंत.

आणि उलटंही घडतं. लक्सरच्या दक्षिणेला एस्नाचं देऊळ आहे, रस्त्याच्या पातळीपेक्षा नऊ मीटर खाली, गावाच्या मधोमध. आतलं छत आणि खांब काजळीने आणि पक्ष्यांच्या विष्ठेने काळेकुट्ट झालेले. सर्ज सोनरों या फ्रेंच अभ्यासकाने तिथले कोरलेले लेख गेल्या शतकात फार बारकाईने प्रसिद्ध केले होते, म्हणजे काम झालं असंच सगळे धरून होते. २०१८ पासून इजिप्शियन संवर्धकांनी जर्मन अभ्यासकांच्या साथीने ते छत इंच इंच साफ करायला घेतलं. काजळीखालून लाल, पिवळा, निळा असे रंग निघाले जसे काल लावलेत, आणि त्या रंगांत शाईने लिहिलेली तारकासमूहांची नावं. ती कधी कोरलेलीच नव्हती, फक्त ब्रशने लिहिलेली, त्यामुळे कितीही आडवा उजेड टाकला असता तरी ती दिसली नसती. साफ झालेल्या छताचे आता पुन्हा पहिल्यापासून फोटो काढतायत.